मधाची इन्फ्रारेड टेस्ट: मधपाळ आणि गिऱ्हाईक दोघांचे नेहमीचे प्रश्न

मुळशी, वेल्हा, भोर, महाबळेश्वर इकडचे मधपाळ आणि पुण्यात घरगुती मध विकणारे-घेणारे, सगळ्यांकडून साधारण तेच तेच प्रश्न येतात, कधी फोनवर, कधी बाटली हातात घेऊन दारातच, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय. केमिस्ट्री आली पाहिजे असं काही नाही, जिथे आकडा लागेल तिथे आकडा देईन.

ही टेस्ट नक्की करते काय?

मधावर इन्फ्रारेड प्रकाश सोडायचा आणि त्यातला कुठला भाग मधानं शोषला ते बघायचं. इन्फ्रारेड म्हणजे लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, विल्यम हर्शेलनं १८०० साली थर्मामीटर लावून शोधला होता. आता मधात असतं काय तर साधारण ३८ टक्के फ्रुक्टोज, ३१ टक्के ग्लुकोज, १७ ते २० टक्के पाणी आणि उरलेल्यात माल्टोज, थोडं सुक्रोज, आम्लं, एन्झाइम, खनिजं, परागकण वगैरे. या प्रत्येक रेणूतले बॉन्ड आपापल्या ठराविक वेगानं थरथरत असतात आणि त्या वेगाशी जुळणारा प्रकाश तेवढा गिळतात. मशीनवर एक वर-खाली होणारी रेघ येते, तिला स्पेक्ट्रम म्हणतात, आणि त्या रेघेवरून कॉम्प्युटर हिशोब लावतो की पाणी किती, कुठली साखर किती, आणि एकूण रेघ मधासारखी दिसतेय की काहीतरी वेगळंच आहे. केमिकल काही घालावं लागत नाही, सॅम्पल जळत नाही, वाया जात नाही.

एफटीआयआर आणि एनआयआर यात फरक काय, लोक दोन्ही नावं घेतात?

दोन्ही इन्फ्रारेडच, पट्टा वेगळा. एनआयआर म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाला लागून असलेला भाग, ७८० ते २५०० नॅनोमीटर. एफटीआयआर हे खरं तर मोजायच्या पद्धतीचं नाव आहे, पण लॅबमध्ये एफटीआयआर म्हटलं की बहुतेक वेळा मिड इन्फ्रारेड धरतात, म्हणजे वेव्हनंबरमध्ये (एका सेंटीमीटरात प्रकाशाच्या किती लहरी बसतात तो आकडा) ४००० ते ४००.

मिड इन्फ्रारेडमध्ये मधाचा एक थेंब छोट्या हिऱ्याच्या किंवा झिंक सेलेनाइडच्या खड्यावर ठेवतात, प्रकाश त्या थेंबात जेमतेम एक-दोन मायक्रॉन शिरतो आणि परत येतो. इथे साखरा छान वेगळ्या दिसतात, १२०० ते ९०० च्या मधल्या पट्ट्यात, ग्लुकोज १०३३ च्या आसपास, फ्रुक्टोज १०६३ च्या आसपास, सुक्रोजची खूण ९९५ जवळ. एनआयआरमध्ये सगळं एकमेकांवर चढलेलं असतं, वेगवेगळी शिखरं दिसत नाहीत, पण प्रकाश आत खोलवर जातो त्यामुळे सॅम्पल जास्त घेता येतं, आणि पाण्याचे दोन पट्टे, १४५० आणि १९४० नॅनोमीटरवरचे, इतके ठळक असतात की ओलावा मोजायला एनआयआर फार सोयीचं पडतं. भेसळीचा संशय असेल तर मला मिड इन्फ्रारेड जास्त भरवशाचं वाटतं, रोजच्या खरेदीत डबे पटापट बघायचे असतील तर एनआयआर.

किती वेळ लागतो?

स्कॅनला एक-दोन मिनिटं. पण मध गोठलेला असेल तर आधी बंद बाटलीत ४० डिग्रीच्या आसपास पाण्यात ठेवून पूर्ण वितळवायला लागतो, मग बुडबुडे बसू द्यायचे, मग ठरलेल्या तापमानाला आणायचा, यात अर्धा दिवस सहज जातो. हे टाळून चालत नाही कारण साखरेचे खडे आणि बुडबुडे प्रकाश विखुरतात आणि आकडे भलतीकडे जातात. तापमानाचंही तसंच, पाण्याचा पट्टा तापमानाबरोबर सरकतो, पुण्यात जानेवारीतली सकाळ आणि एप्रिलमधली दुपार यात मशीनजवळचं तापमान किती बदलतं ते सांगायला नको, म्हणून एकच तापमान ठरवून प्रत्येक सॅम्पल तिथेच मोजायचं.

ओलावा मोजायला साधा रिफ्रॅक्टोमीटर आहे की, मग हे कशाला?

फक्त ओलावाच हवा असेल तर रिफ्रॅक्टोमीटरच वापरा, मी स्वतः तेच सांगते, खिशात मावतो, एक थेंब पुरतो, आणि मधपाळाकडे तो असायलाच हवा. इन्फ्रारेडचा फायदा असा की त्याच एका स्कॅनमध्ये ओलाव्याबरोबर फ्रुक्टोज, ग्लुकोज, सुक्रोज आणि भेसळीचा अंदाज असं सगळं येतं. शिवाय रिफ्रॅक्टोमीटरला मध आणि पाक यातला फरक कळत नाही, घट्ट केलेला साखरेचा पाकही त्याच्यावर मस्त १८ टक्के दाखवतो.

ओलाव्यावर एवढा भर का?

कारण मध खराब होण्याचं मुख्य कारण तेच आहे. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमात ओलावा जास्तीत जास्त २० टक्के चालतो. त्याच्या वर गेला की मधात मुळातच असलेले यीस्ट कामाला लागतात, फेस येतो, आंबूस वास येतो, झाकण उडतं. आपल्याकडची अडचण अशी की सातेरीचा (पेटीत पाळतात ती आपली देशी माशी) आणि आग्या मोहोळाचा (रानातली मोठी माशी) मध मुळात पातळ असतो, त्यात सह्याद्रीची दमट हवा, त्यामुळे अगदी प्रामाणिकपणे काढलेला मधही २१-२२ टक्क्यांवर जातो आणि फेल होतो. म्हणून प्रत्येकाला सांगते की माशांनी घरं मेणानं बंद केल्याशिवाय फ्रेम काढू नका, निदान तीन चतुर्थांश फ्रेम सीलबंद दिसली पाहिजे, आणि पावसाच्या तोंडावर घाईघाईनं काढलेला मध वेगळा ठेवा, चांगल्यात मिसळू नका.

साखरेचा पाक मिसळलाय हे कळतं का? हो की नाही तेवढं सांगा.

हो, पण कुठला पाक आणि किती यावर आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत म्हणून जरा सविस्तर सांगते.

साधा साखरेचा पाक, म्हणजे सुक्रोज, सगळ्यात सोपा. सुक्रोजची मर्यादा बहुतेक मधांना ५ टक्के आहे आणि ते जास्त असेल तर मिड इन्फ्रारेडमध्ये लगेच डोकं वर काढतं. तांदळाचा किंवा मक्याचा स्टार्च तोडून बनवलेले सिरप असतात त्यात माल्टोज आणि त्याहून लांब साखळीच्या साखरा राहतात, त्यांचाही ठसा रेघेत दिसतो, जरा सूक्ष्म असतो पण कॅलिब्रेशन (मशीनला दिलेलं शिक्षण, पुढे सांगते) चांगलं असेल तर पकडता येतो. खरी पंचाईत इन्व्हर्ट सिरप आणि हाय फ्रुक्टोज सिरपची. त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच असतं, म्हणजे जे मधात असतं तेच, आणि कोणी प्रमाण जुळवून टाकलं तर इन्फ्रारेडला मध आणि सिरप यात फारसा फरक उरत नाही. साधारणपणे १० टक्क्यांच्या वरची भेसळ बऱ्यापैकी पकडली जाते, ५ टक्क्यांच्या खाली गेलं की खात्रीनं काही बोलू नये, कारण एका फुलाच्या मधात आणि दुसऱ्या फुलाच्या मधात नैसर्गिक फरकच तेवढा असतो.

म्हणून कोणी तुम्हाला इन्फ्रारेड रिपोर्ट दाखवून शंभर टक्के शुद्ध असं छापत असेल तर त्याला विचारा की कुठल्या सिरपसाठी तपासलं आणि किती टक्क्यांपर्यंत पकडतं. उत्तर देता आलं पाहिजे.

मग एनएमआर, आयसोटोप वगैरे टेस्ट कशासाठी असतात?

ऊस आणि मका ही झाडं हवेतला कार्बन वेगळ्या पद्धतीनं बांधतात, त्यांना सी-फोर झाडं म्हणतात, आणि त्यांच्या साखरेत कार्बन-१३ चं, म्हणजे कार्बनच्या जरा जड प्रकाराचं, प्रमाण जरा जास्त असतं. माशा ज्या फुलांवर जातात ती बहुतेक सी-थ्री. त्यामुळे आयसोटोप टेस्टमध्ये ऊस-मक्याची साखर उघडी पडते, नियमात तिची मर्यादा ७ टक्के आहे. पण तांदूळ आणि बीट सी-थ्री आहेत, त्यांचं सिरप या टेस्टमधून निसटतं, आणि भेसळ करणारे नेमके तिकडेच वळले. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) या संस्थेनं भारतातले १३ ब्रँड तपासले, जर्मनीतल्या लॅबमध्ये एनएमआर केलं तेव्हा त्यातले ३ च पास झाले, कंपन्यांनी ते निष्कर्ष फेटाळले, पण तेव्हापासून एनएमआर हे नाव सगळ्यांना माहीत झालं. एनएमआर म्हणजे सॅम्पल जोरदार चुंबकात ठेवून त्यातले रेणू ओळखायची टेस्ट, ती खूप बारीक बघते, मशीन मात्र कोटींमध्ये जातं आणि प्रत्येक डबा तिकडे पाठवणं कोणालाच परवडत नाही.

इन्फ्रारेडचं काम चाळणीचं आहे. पन्नास डबे आले तर त्यातले कुठले चार-पाच संशयास्पद आहेत ते पटकन बाजूला काढायचं आणि पुढच्या महागड्या टेस्टला फक्त तेवढेच पाठवायचे. कोणाला भेसळखोर ठरवायचं असेल तर ते फक्त इन्फ्रारेडवर ठरवू नये, हे मी अगदी ठामपणे सांगते, कारण त्यात एका मधपाळाचं वर्षाचं उत्पन्न आणि गावातलं नाव दोन्ही पणाला लागतं.

कॅलिब्रेशन कॅलिब्रेशन म्हणतात ते काय असतं?

मशीनला स्वतःहून मध म्हणजे काय ते माहीत नसतं, त्याला शिकवावं लागतं. शंभर-दोनशे खात्रीचे मध घ्यायचे, प्रत्येकाचा ओलावा, साखरा वगैरे जुन्या पद्धतीनं लॅबमध्ये मोजायचं, त्यांचे स्पेक्ट्रम घ्यायचे आणि पीएलएस नावाच्या गणिती पद्धतीनं दोन्हीचं नातं जोडायचं. मग नवा मध आला की मशीन त्या नात्यावरून आकडा सांगतं. चांगलं कॅलिब्रेशन असेल तर पाण्याचा आकडा रिफ्रॅक्टोमीटरपासून पाव-अर्ध्या टक्क्यात बसतो.

पण मशीनला जे शिकवलं तेवढंच येतं. बाहेरून तयार लायब्ररी (शिकवायला वापरलेल्या मधांच्या स्पेक्ट्रमचा साठा) घेऊन आलेलं मशीन बहुतेक मेलीफेरा या परदेशी माशीच्या, थंड देशातल्या मधावर शिकलेलं असतं. त्याच्यापुढे महाबळेश्वरचा जांभळाचा काळपट, किंचित कडसर मध ठेवा, किंवा हिरड्याचा, गेळ्याचा, किंवा आग्या मोहोळाचा रानातला मिश्र मध ठेवा, तर ते म्हणणार हे ओळखीचं नाही, आणि ओळखीचं नाही याचा अर्थ स्क्रीनवर लाल अक्षरात संशयास्पद असा येतो. यात मधाचा काय दोष? कारवीचं उदाहरण तर नियमातच आहे. कारवीच्या मधात सुक्रोज मुळातच जास्त निघतं म्हणून एफएसएसएआयनं कारवीला ५ ऐवजी १० टक्क्यांपर्यंत सूट दिलीय, आणि ज्या लायब्ररीत कारवीच नाही ती या मधाला सरळ पाकाची भेसळ म्हणून मोकळी होणार. आपल्या डोंगरातल्या मधासाठी आपलीच लायब्ररी बनवली पाहिजे, सातेरीची वेगळी, आग्याची वेगळी, मेलीफेराची वेगळी, फुलाप्रमाणे, हंगामाप्रमाणे, आणि दरवर्षी त्यात भर घालत राहिलं पाहिजे. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, महाबळेश्वरला मधसंचालनालय आहे, मांघर हे २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, म्हणजे खात्रीचा मध आणि माशी ओळखणारी माणसं दोन्ही इथेच आहेत. सॅम्पल गोळा करायला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

मी पावसाळ्यात माशांना साखरेचा पाक देतो, तर माझा मध फेल होईल का?

पावसाळ्यात फुलोरा नसतो, चार महिने धो धो पाऊस, पाक नाही दिला तर वसाहत उपाशी मरते किंवा पेटी सोडून जाते, तेव्हा पाक देणं यात काही चूक नाही. चूक होते ती पुढे. पाकाच्या वेळी भरलेल्या फ्रेम तशाच राहतात आणि हंगामात फुलांच्या मधाबरोबर त्याही यंत्रात फिरवल्या जातात. माशा पाकातलं सुक्रोज तोडून ग्लुकोज-फ्रुक्टोज करतात त्यामुळे इन्फ्रारेडमध्ये ते कदाचित दिसणार नाही, पण उसाचा पाक असल्यामुळे आयसोटोप टेस्टमध्ये दिसू शकतं. फुलोरा सुरू व्हायच्या आधी पाक बंद करा, मधकोठीत (पेटीचा मध साठवायचा वरचा कप्पा) पाकाच्या फ्रेम ठेवू नका, आणि तारखा वहीत लिहून ठेवा.

एचएमएफ, अँटिबायोटिक, कीटकनाशक हे यात कळतं का?

नाही. एचएमएफ म्हणजे मध तापवला किंवा जुना झाला की त्यात वाढणारा पदार्थ, त्याची मर्यादा किलोमागे ८० मिलिग्रॅम आहे, म्हणजे ०.००८ टक्के, आणि इन्फ्रारेडला साधारण ०.१ टक्क्याच्या खालचं थेट दिसत नाही. अँटिबायोटिक आणि कीटकनाशक तर त्याहूनही कितीतरी कमी प्रमाणात असतात. एचएमएफसाठी एचपीएलसी, अँटिबायोटिकसाठी एलसी-एमएस, डायस्टेज एन्झाइमसाठी वेगळी टेस्ट, कुठल्या फुलाचा मध ते नीट सांगायला परागकण मायक्रोस्कोपखाली बघावे लागतात. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही हे कुठल्याही पास रिपोर्टनं बदलत नाही, त्यात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात आणि ते यातल्या कुठल्याच टेस्टमध्ये धरलेले नसतात.

मध गोठला म्हणजे साखर मिसळलीय ना?

नाही हो. ज्या मधात ग्लुकोज जास्त तो लवकर गोठतो, सूर्यफुलाचा आणि मोहरीचा तर काही आठवड्यांत बसतो. खरं तर मध अजिबात गोठत नाही म्हणूनही तो शुद्ध ठरत नाही, काही सिरपही वर्षभर पातळ राहतात.

पाण्यात थेंब टाकणं, काडी पेटवणं, कागदावर ठेवणं या घरगुती टेस्ट?

सोडून द्या. यात फक्त घट्टपणा आणि ओलावा कळतो, घट्ट सिरप यातल्या सगळ्या टेस्ट पास होतं आणि सातेरीचा खरा पातळ मध फेल होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर हे व्हिडिओ फिरतात आणि त्यामुळे चांगल्या मधपाळांचा माल परत येतो, फार वाईट वाटतं.

छोटं हातातलं एनआयआर मशीन घ्यावं का? आमचा गट आहे, मिळून घेऊ शकतो.

आधी पट्टा विचारा. बरीच छोटी मशीन ९०० ते १७०० नॅनोमीटरपर्यंतच बघतात. त्यात पाण्याचा १४५० चा पट्टा येतो, १९४० चा येत नाही आणि साखरेची चांगली माहिती २१०० च्या पुढे असते तीही येत नाही. त्यामुळे ओलावा चांगला कळेल, भेसळीचं तेवढं भरवशानं नाही. त्याहून स्वस्त असतात ती १०५०-११०० च्या आसपासच थांबतात, ती मधासाठी घेऊ नका. दुसरं म्हणजे कॅलिब्रेशन कोण करून देणार आणि दरवर्षी कोण तपासणार ते लेखी घ्या. गटात कोणी नियमित काम करणारं नसेल तर दोन चांगले रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि हंगामात सॅम्पल लॅबला पाठवा.

बाटली न उघडता तपासता येतं का?

मिड इन्फ्रारेडमध्ये नाही, काच तो प्रकाश आत जाऊच देत नाही. एनआयआर काचेतून जातो पण प्रत्येक बाटलीची जाडी वेगळी, प्लास्टिकचे स्वतःचे पट्टे वेगळे, त्यामुळे आकडा डळमळतो.

सॅम्पल कसं आणायचं?

दोनशे ग्रॅम पुरे, स्वच्छ कोरड्या काचेच्या बाटलीत, झाकण घट्ट, कारण मध हवेतला ओलावा ओढून घेतो आणि पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली दोन दिवसांत वेगळाच आकडा दाखवते. मोठ्या डब्यातून काढताना आधी नीट ढवळा, गोठायला लागलेल्या डब्यात खडे खाली बसतात आणि वरच्या पातळ भागात पाणी जास्त असतं, वरवरचा चमचाभर मध आणला तर चांगला डबाही फेल दिसेल. गॅसवर गरम करून आणू नका. लेबलवर माशी कुठली, जागा, काढल्याची तारीख, आजूबाजूला फुलोरा कशाचा होता आणि पाक कधी बंद केला एवढं लिहा.

रिपोर्टमध्ये संशयास्पद आलं तर?

घाबरू नका आणि लगेच माल टाकूनही देऊ नका. त्याच डब्यातून पुन्हा ढवळून दुसरं सॅम्पल द्या, लॅबला विचारा की तुमच्या लायब्ररीत या माशीचा, या फुलाचा मध आहे का आणि किती सॅम्पल आहेत. परत तसंच आलं तर आयसोटोप आणि एनएमआरला पाठवा. गिऱ्हाइकांनीही एवढं थांबावं, एका स्कॅनवरून फेसबुकवर कोणाचं नाव टाकू नये.

आमच्या गावाचा मध लायब्ररीत घ्याल का?

आनंदानं, अशी लायब्ररी आम्ही जमवतोच आहोत. अट एकच, फ्रेम किंवा पोळं आमच्यासमोर किंवा ओळखीच्या प्रशिक्षित मधपाळासमोर काढलेलं हवं, विकत आणलेला मध चालणार नाही. सध्या जांभळाचा बऱ्यापैकी जमलाय, हिरडा आणि गेळा कमी आहे, पोयाच्या माशीचा (डंख न मारणारी छोटी माशी) तर जवळजवळ नाहीच, तो मध फार पातळ आणि आंबटसर असतो आणि त्याचं कॅलिब्रेशन वेगळंच करावं लागणार आहे. कारवीला सात-आठ वर्षांनी एकदा फुलोरा येतो आणि प्रत्येक डोंगरावर तो एकाच वर्षी येतो असं नाही, त्यामुळे तुमच्या भागात कारवी फुलायला लागली की आधी कळवा, आणि मागच्या फुलोऱ्याचा मध कोणी नीट बंद करून ठेवला असेल तर तोही आणा, बाटलीवर वर्ष तेवढं खरं लिहा.